वाचक विचारतात : बोलणारा समोर नसतो तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न लिहिण्याविषयीचे आहेत. कुणाला शुद्धलेखनाची अडचण आहे, कुणाला मोडी कागदाची, तर कुणाला संगणकावरच्या मराठीची. त्यांतले निवडक प्रश्न संक्षेपाने देऊन उत्तरे देत आहोत.

प्रश्न : लिहिणे म्हणजे बोलणेच कागदावर उतरवणे ना? मग आता आवाजी संदेश पाठवता येत असताना लिहिण्याची गरज किती उरली? (एक वाचक, नाशिक)

लिहिणे म्हणजे उतरवून घेतलेले बोलणे, हा समज इतिहासाला धरून नाही. आजच्या दक्षिण इराकमधील उरुक या नगरात इ.स.पू. ३३०० ते ३२००च्या सुमारास मातीच्या ओल्या पाट्यांवर खुणा कोरल्या जाऊ लागल्या. त्या पाट्यांवर कथा नाहीत, प्रार्थना नाहीत, राजाची आज्ञाही नाही. बहुतेक पाट्या हिशेबाच्या आहेत : किती जव आले, किती मेंढ्या कुणाच्या ताब्यात दिल्या, कामकऱ्यांना किती बीअर वाटली. आकड्याची खूण, वस्तूची खूण आणि माणसाची किंवा खात्याची खूण, एवढेच. क्रियापदे आणि प्रत्यय जवळजवळ नाहीतच, त्यामुळे त्या पाट्या कोणत्या भाषेत ‘वाचायच्या’ यावरही अभ्यासकांना वाद घालावा लागला. बोलल्यासारखी पूर्ण वाक्ये लिहिली जायला पुढे काही शतके जावी लागली.

म्हणजे लेखन जन्मले ते बोलणे जिथे पुरे पडेना अशा जागी. कोठारातला माणूस बदलला, वर्ष उलटले, देणारा-घेणारा दोघेही जवळ नाहीत, तरी नोंद बोलली पाहिजे, ही ती गरज. आपल्याकडे जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखातही यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे येतात. डोंगरातल्या वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला ते कळावेत म्हणून कोरलेले.

समोरासमोर बोलताना शब्दांखेरीज पुष्कळ गोष्टी काम करत असतात : आवाजाची चढउतार, थांबणे, हातवारे, बोट दाखवणे आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा. त्याला कळले नाही हे आपल्याला लगेच दिसते आणि आपण वाक्य फिरवून सांगतो. लेखनात यांतले काहीच नसते. मोबदल्यात वाचणाऱ्याला वेगळे हक्क मिळतात. तो हवे तितके सावकाश वाचतो, मागे जातो, नको ते गाळतो, आकडा पुन्हा पाहतो. ऐकणारा मात्र बोलणाऱ्याच्या गतीला बांधलेला असतो. चार मिनिटांच्या आवाजी संदेशात खाते क्रमांक नेमका कुठे सांगितला, हे शोधायला सगळा संदेश पुन्हा ऐकावा लागतो.

म्हणून निवड सवयीने करू नये, मजकूर पाहून करावी. पत्ता, रक्कम, तारीख, औषधाची मात्रा, गाडीची वेळ, कामाची यादी हे लिहूनच द्यावे. सांत्वन, समजूत, तक्रारीची पहिली वाच्यता यांसाठी आवाज बरा. तिथे शब्दांपेक्षा सूर जास्त सांगतो, आणि तो कागदावर नेता येत नाही.

प्रश्न : देवनागरी ‘जसे बोलतो तसे लिहितो’ अशी लिपी आहे असे आपण मुलांना सांगतो. तरी मुले इतक्या चुका का करतात? (एक शिक्षिका, सोलापूर)

कारण ते विधान बऱ्याच अंशी खरे असले तरी पूर्ण खरे नाही, आणि मुले नेमकी उरलेल्या भागात अडकतात. तीन ठिकाणे सांगतो.

पहिले, च, ज, झ. यांतल्या प्रत्येक अक्षराला मराठीत दोन उच्चार आहेत आणि चिन्ह एकच. ‘चार’ (संख्या) आणि ‘चारा’ (गुरांचा) यांतला च वेगळा. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा लिहायला एकच, बोलायला वेगळे. मराठी घरातल्या मुलाला हे आपोआप येते. घरी दुसरी भाषा बोलणारे मूल मात्र ‘चाक’ किंवा ‘जग’ हे शब्द अक्षर पाहून चुकीचे उच्चारते. त्याला ‘नीट वाच’ म्हणून उपयोग नाही. कागदावर तो भेद नाहीच, तो कानानेच द्यावा लागतो.

दुसरे, न उच्चारलेला अ. ‘घर’ मधला र आपण लिहिताना पूर्ण लिहितो आणि बोलताना तोडतो. शब्दाच्या मधेही असेच होते. ‘करवत’ लिहायला चार अक्षरे, पण बोलताना ‘कर्-वत्’. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ‘कर्वत’, ‘सर्बत’ असे लिहिते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलाने कानाशी प्रामाणिक राहून लिहिलेले असते. अशा वेळी शब्द अक्षरे तोडून, प्रत्येक अ उच्चारून म्हणवून घ्यावा आणि मग लिहायला सांगावा. ‘क-र-व-त’ असे दोनदा म्हटले की हात बरोबर चालतो.

तिसरे आणि सर्वांत त्रासाचे, इकार-उकार. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. एकूण अठरा. सगळे पाठ करून घेण्यापेक्षा वर्गात तीन सूत्रे आधी पक्की करावीत. शब्दाच्या शेवटी इ-उ आल्यास दीर्घ : पाटी, गहू, कवी, बुद्धी (‘आणि’ हा ठळक अपवाद). शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इ-उ दीर्घ : फूल, गरीब. पुढे प्रत्यय लागून शब्द लांबला की तोच ऱ्हस्व : फुलाला, गरिबाला. हे शेवटचे सूत्र मुलांना पटते, कारण उच्चारही तसाच बदलतो. ‘फूल’ आणि ‘फुलाला’ मोठ्याने म्हणून पाहा.

अपवाद मुख्यतः संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचे आहेत. गुण, विष, मधुर यांत उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराचा) स्वर ऱ्हस्वच राहतो, तर जीव, शरीर यांना प्रत्यय लागला तरी दीर्घच : जीवाला, शरीराला. ‘बुद्धी’ एकटा असताना दीर्घ, पण ‘बुद्धिमान’मध्ये ऱ्हस्व, हे संस्कृत प्रत्यय लागताना मूळ संस्कृत रूप टिकवल्यामुळे. ही यादी वेगळी, रोज पाच शब्द अशा बेताने द्यावी. सूत्र आणि अपवाद एकाच तासात शिकवले की मूल दोन्ही सोडून देते आणि अंदाजाने लिहू लागते.

अनुस्वाराबाबत नव्या नियमांनी मोठी सोय केली आहे. उच्चारात नसलेले जुने अनुस्वार गेले, त्यामुळे उरलेला टिंब अर्थाचे काम करतो. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक. ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ यांत एकवचन-बहुवचन तर आहेच, शिवाय आदरही आहे. वही तपासताना या अनुस्वाराला ऱ्हस्व-दीर्घापेक्षा जास्त महत्त्व द्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. तो चुकला तर वाक्याचा अर्थ बदलतो.

प्रश्न : घरी जुने मोडी कागद आहेत. मोडी वर्ग करूनही ते वाचता येत नाहीत. शब्द कुठे तुटतात हेच कळत नाही. कुठून सुरुवात करावी? (एक वाचक, सातारा)

वर्गात शिकवतात ती सुट्या अक्षरांची मोडी. दप्तरातली मोडी धावती असते. लिहिणारा आधी कागदाच्या रुंदीभर शिरोरेषा ओढत असे आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे काढत जात असे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही. लेखनाचा वेग आणि कागदाची बचत याला महत्त्व होते. वाचणाराही कारकूनच असे आणि मजकुराचा साचा त्याला आधीच ठाऊक असे. तुमच्या अडचणीचे कारण तिथे आहे. तुम्हाला अक्षर येते, साचा येत नाही.

म्हणून आधी साचा शोधा. कागद वरून खाली वाचायला बसू नका. सुरुवातीची आणि शेवटची ठरावीक पदे ओळखा : मायन्यातले ‘राजश्री’, ‘विज्ञापना’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘लेखनसीमा’. ही पदे शेकडो कागदांत तशीच येतात, त्यांवरून त्या लेखकाच्या हाताची वळणे कळतात. विशेषतः त्याचा र, कारण मोडीत र शेजारच्या अक्षरात मिसळून निरनिराळी रूपे घेतो.

मग तारीख. मराठेशाहीतील कागदांत सुहूर सन (त्या काळची एक कालगणना) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला आढळतो, एकक आधी, हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार : ११६१. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास, मे-जूनमध्ये बदलते. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ची, ती याच ११६१ सनात पडते. पडताळा म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवावे. महिन्याच्या तारखेआधी ‘छ’ दिसेल, ते चंद्राचे संक्षिप्त रूप आहे आणि पुढे मुसलमानी महिन्याचे नाव येते. शक दिला असेल तर ७८ मिळवा (पौषाच्या आसपास जानेवारी लागला की तेव्हापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९).

रकमा वाचताना उभ्या रेघा सोडू नका. आकड्यापुढची एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १२॥ म्हणजे साडेबारा. नवखा वाचक या रेघांना दंड समजतो आणि हिशेब चुकतो.

यानंतर मजकूर, आणि तो तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत. पहिल्या फेरीत अक्षरास अक्षर, शब्द न तोडता, ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत उतरवा. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंबे ठेवा, अंदाज भरू नका. दुसऱ्या फेरीत शब्द तोडा. तिसऱ्यात आजच्या लेखनाप्रमाणे स्वच्छ प्रत करा. तिन्ही प्रती जपून ठेवा. पहिल्याच फेरीत आजचे शुद्धलेखन घुसवले, की गावाचे किंवा माणसाचे नाव बदलून जाते आणि मागे जाऊन तपासायला काही उरत नाही.

कागदाची पाठ पाहायला विसरू नका. लांब मजकूर अनेक बंद (कागदाचे लांबट तुकडे) एकमेकांना चिकटवून लिहीत आणि जोडावर मागून शिक्का करत, म्हणजे मधला बंद कुणी बदलला तर शिक्का जुळणार नाही. मजकूर संपला तिथेही मोर्तब होई. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का दिसतो. तो ‘इथे मजकूर संपला, यापुढे कुणी भर घातली तर ती आमची नाही’ असे सांगतो. पत्र धन्याच्या हातातून सुटल्यावर त्याच्या वतीने साक्ष देणारा दुसरा कुणी नसे, म्हणून ही तजवीज.

जपणुकीबद्दल : लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. घडी जबरदस्तीने उलगडू नका. सावलीतल्या उजेडात, कॅमेरा कागदाला समांतर धरून, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि पुढचे सगळे वाचन फोटोंवरून करा. आम्लविरहित कागदात, सपाट, भिंतीपासून दूर ठेवा.

प्रश्न : संगणकावर टाइप केलेला शब्द डोळ्यांना बरोबर दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही. असे का? (एक ग्रंथपाल, इंदूर)

डोळ्यांना दिसतो तो आकार, यंत्र जुळवते ते आकारामागचे संकेतांक. एकच आकार दोन वेगळ्या संकेतांकांनी काढता येतो, तिथे शोध फसतो. मराठीत चार जागा नेहमीच्या आहेत.

‘ऱ्य’ : दर्या (समुद्र) आणि दऱ्या (डोंगरांमधल्या), आचार्यास आणि आचाऱ्यास (स्वयंपाक्यास) हे भेद दाखवणारा हा आडवा र मराठीला अत्यावश्यक आहे. तो दोन रीतींनी निघतो. एकीत स्वतंत्र ऱ, मग हलन्त, मग य. दुसरीत साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. दिसायला तंतोतंत सारखे. पहिली रीत पाळावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ऱ मिळतो.

‘ॲ’ : हा २००८ साली युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या संकेतांकांच्या प्रमाणित संचात) स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन, म्हणजे दोन संकेतांकांनी तो लिहिलेला असतो, कुठे हिंदीतला ऍ वापरलेला असतो. तुमच्या सूचीत ‘ॲटलास’ तीन ठिकाणी विखुरलेला असण्याची शक्यता आहे.

विसर्ग : ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी इंग्रजी अपूर्णविराम टाइप केला की यंत्राच्या लेखी तो शब्द मधेच तुटतो.

चौथी जागा म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतरित केलेला मजकूर. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टाइप करत. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. रफारही असाच मागेपुढे होतो. रूपांतरानंतर वेलांटी आणि रफार असलेली जोडाक्षरे हटकून तपासावीत. ‘शक्तिमान’, ‘कीर्ती’, ‘वर्षी’ यांसारखे शब्द घेऊन शोध चालवला की चुकांचा नमुना कळतो, मग एकगठ्ठा बदल करता येतो. पण सूची आहे तशी ठेवून तिच्या प्रतीवर.

प्रश्न : सोसायटीच्या सूचना मी लिहितो. सगळे स्पष्ट लिहिले तरी गैरसमज होतातच. काय चुकते? (एक सचिव, ठाणे)

तुम्ही पाठवलेला नमुना असा : ‘उद्या १० ते ४ पाणी येणार नाही. सर्व सभासदांनी गच्चीवर येऊ नये. आपण सहकार्य करावे.’

‘उद्या’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या दिवसाला बांधलेला आहे. संदेश रात्री बारानंतर वाचला की अर्थ सरकतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एकात चूक झाली तर दुसऱ्यामुळे उघडी पडते. ‘१० ते ४’ला सकाळी-दुपारी जोडा. ‘सर्व सभासदांनी येऊ नये’ याचे दोन अर्थ : कुणीच येऊ नये, किंवा सगळ्यांनी एकदम येऊ नये. बोलताना ‘सर्व’वर जोर देऊन आपण फरक करतो, कागदावर तो जोर नाही. ‘कोणीही येऊ नये’ लिहा.

मराठीत जोरासाठी एक उत्तम साधन आहे, शब्दाला जोडलेला च. ‘१० तारखेपर्यंतच वर्गणी घेतली जाईल’ आणि ‘१० तारखेपर्यंत वर्गणीच घेतली जाईल’. तो नेमक्या शब्दाला लावा, ठळक अक्षरे आणि उद्गारचिन्हांची रांग लागणार नाही.

प्रश्न : धनादेशावर रक्कम अक्षरी का लिहायची? दोन्ही जुळले नाही तर कोणती धरतात? (एक वाचक, कोल्हापूर)

आकडा एका फटकाऱ्यात बदलतो : १ चा ९ होतो, शेवटी शून्य वाढते. शब्द बदलणे अवघड. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. प्रत्यक्षात बँका असा धनादेश बहुधा परत करतात. अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी डावीकडून सुरू करावी, शेवटी ‘फक्त’ लिहावे आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ मारावी.

प्रश्न : मुलगी मराठी छान बोलते, पण लिहिते रोमन अक्षरांत. चालवून घ्यावे का? (एक पालक, न्यू जर्सी)

रोमन अक्षरांत मराठी हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीतच छापले गेले. पण त्यांनी ठरवून लेखनपद्धती बांधली होती. ट, ड, ळ यांसारख्या वर्णांसाठी अक्षर दुहेरी लिहिले जाई. आजच्या गप्पांतल्या रोमनमध्ये अशी शिस्त नसते. के, ए, एल या तीन अक्षरांत कल, कळ, काल आणि काळ हे चारही शब्द कोंबले जातात. मुलीला भाषा येते म्हणून तिला संदर्भाने कळते. नवा शब्द मात्र ती अशा लेखनातून कधीच नीट शिकणार नाही.

तेव्हा गप्पांत चालू द्या, पण शेजारी देवनागरी सुरू करा. रोज १५ मिनिटे पुरतात. वर्णमालेच्या क्रमाने नको, आकाराच्या कुटुंबांनी शिकवा : ग म भ न, मग त ल, व ब क, र स ख, प ष फ, ट ठ ढ. पहिल्या चार अक्षरांबरोबरच काना द्या, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मामा, नाना, गाभा असे खरे शब्द वाचता येतात. मग दुसरी वेलांटी आणि मात्रा. पहिली वेलांटी उशिरा घ्या, कारण ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, त्यात मुले हमखास अडखळतात. घ-ध ही जोडी एकाच दिवशी शिकवू नका, काही दिवसांचे अंतर ठेवा. जोडाक्षरे आधी फक्त वाचायला द्या, आणि तिच्या तोंडी असलेल्या शब्दांतूनच : आत्या, पाण्यात, माझ्या, तुझ्या. ती न अडखळता वाचू लागली की मग वहीत.